दलदलीतलं हिरवं बेट

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अजूनही दोनच चित्रं येतात. एक म्हणजे हिंदी सिनेमातला, पांढरी पँट घातलेला हिरॉइनचा श्रीमंत बाप आणि दुसरं निवृत्त कर्नलसाहेबांचं. या दोन्ही चित्रांत बाई कुठेच नसते. असलीच तर क्लबच्या व्हरांड्यात लिंबूसरबत पीत बसलेली! यजमान लष्करात असल्यामुळे मला छावणीच्या मैदानावर हा खेळ शिकायला मिळाला. तेव्हा ‘बायकांना काय, जवळून मारायचं असतं’ हा टोमणा मी पुष्कळदा ऐकला आहे. त्या टोमण्याचं उत्तर मला मिळालं ते मात्र साता समुद्रापार, एका दलदलीच्या जागी.

लेक-जावई फ्लोरिडात राहतात. त्यांच्या घरापासून तासाभरावर पॉन्टे व्हेड्रा बीच नावाचं गाव आहे. तिथे सॉग्रासचं रिसॉर्ट आहे आणि त्याला लागून ‘टीपीसी सॉग्रास’ हे जगप्रसिद्ध गोल्फ मैदान. टीव्हीवर मोठमोठे खेळाडू जिथे घाम पुसताना दिसतात, त्या मैदानावर पैसे मोजून तुम्हीआम्हीही खेळू शकतो. पैसे मात्र सणसणीत! आकडा ऐकून मी नको म्हटलं, तर जावई म्हणाले, ‘‘आई, साडी घेतली असती तर तुम्ही कपाटातच ठेवली असती. हे वापरून तरी होईल.’’

सॉग्रास हे मुळात तिथल्या पाणथळीत वाढणाऱ्या, करवतीसारख्या धारदार पात्याच्या गवताचं नाव. नावातच जागेचा इतिहास आला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेला स्वतःचं मैदान हवं होतं. तिथल्या जमीनमालकांनी ४१५ एकर जागा फक्त एका डॉलरला दिली. आपण म्हणू, काय दिलदार माणसं! पण ती सगळी दलदल होती. गुडघ्याएवढा चिखल, साप, मगरी आणि रान. शेजारी मैदान झालं की आजूबाजूच्या जमिनीचे भाव चढणार, हा त्यामागचा व्यवहार.

मैदान आखायचं काम पीट डाय यांच्याकडे आलं. त्यांनी पाणी काढून द्यायला चर खणले, तळी केली आणि उपसलेल्या मातीचे उंचवटे रचले. त्या उंचवट्यांवर बसून हजारो लोकांना खेळ बघता यावा अशी सोय झाली, म्हणून नाव पडलं ‘स्टेडियम कोर्स’. सुरुवातीला झाडोरा खायला तिथे चक्क शेळ्या सोडल्या होत्या! १९८० मध्ये मैदान सुरू झालं आणि १९८२ पासून मानाची ‘प्लेयर्स’ स्पर्धा तिथे होऊ लागली.

आता खरी गंमत. या मैदानाची सगळी कीर्ती सतराव्या होलमुळे आहे. अंतर म्हणाल तर अवघं १३७ यार्ड. पण ज्या हिरवळीवर चेंडू टाकायचा, ती तळ्याच्या मधोमध असलेलं एक बेट! चारही बाजूंना पाणी आणि जायला एक चिंचोळी वाट. नेम जरा चुकला की डुबुक! २००७ च्या स्पर्धेत पहिल्याच दिवशी पन्नास चेंडू पाण्यात गेले होते, आणि तेही नावाजलेल्या खेळाडूंचे. १९९८ मध्ये तर एका समुद्रपक्ष्याने हिरवळीवरचा चेंडू चोचीत उचलून पाण्यात टाकला होता.

हे बेट सुचलं कुणाला? पीट डाय यांना नव्हे, त्यांच्या पत्नीला, ॲलिस डाय यांना. आधीच्या आराखड्यात तिथे एका बाजूला लहानसं तळं होतं, एवढंच. पण त्या दलदलीत चांगली वाळू सापडली ती नेमकी याच ठिकाणी. मैदानात इतरत्र पसरायला ती उपसत गेले आणि शेवटी उरला एक भलामोठा खड्डा. आता याचं करायचं काय? ॲलिसबाई म्हणाल्या, मधे हिरवळ ठेवा आणि भोवती पाणी भरा. झालं! उरलेल्यातून नवा पदार्थ करावा, तसा जगातला सगळ्यात गाजलेला होल तयार झाला.

या बाई काही नुसत्या ‘सौ. डाय’ नव्हत्या. १९७८ आणि १९७९ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांनी अमेरिकेची ज्येष्ठ महिलांची हौशी स्पर्धा जिंकली होती. १९९७ मध्ये गोल्फ मैदानं आखणाऱ्यांच्या अमेरिकी संस्थेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. २०१९ मध्ये त्या गेल्या. मला त्यांचं सगळ्यात मोलाचं वाटतं ते काम मात्र वेगळंच आहे. बायकांसाठी पुढच्या ‘टी’, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागा, नीट विचार करून आखा, असा आग्रह त्यांनी जन्मभर धरला. त्यांचं म्हणणं साधं होतं. पुरुषाचा चेंडू जिथे पोचतो तिथे सर्वसाधारण बाईचा पोचत नाही. मग एकाच जागेवरून मारायला लावलं, तर त्याच्या वाट्याला कौशल्याचा खेळ येतो आणि तिच्या वाट्याला नुसती पायपीट. म्हणजे पुढची टी ही सवलत नव्हे, समान कसोटी! टोमण्याचं उत्तर ते हेच.

मी पुढच्या टीवरूनच खेळले आणि तरीही सतराव्या होलवर छातीत धडधडत होतं. वारा सुटला होता. बरोबरचा कॅडी पोरगा म्हणाला, ‘‘पाण्याकडे बघू नका, मॅडम.’’ आता तो असं म्हणाल्यावर दुसरीकडे बघणार कुठे? चेंडू उडाला, बेटाच्या मागच्या कडेला टेकला आणि थांबला. लेकीने मारलेली किंकाळी अजून कानात आहे. पुढे तो भोकात घालायला मला आणखी तीन फटके लागले, पण त्याचं काय एवढं!

चेंडू आणायला त्या चिंचोळ्या वाटेने निघाले, तेव्हा काठावर एक अनहिंगा पंख पसरून उन्हात बसला होता. अगदी आपल्याकडचा पाणकावळा बसतो तसा. पलीकडच्या तळ्यात एक मगर ओंडक्यासारखी पडून होती. मनात आलं, ही मंडळी इथली मूळची राहणारी. आपण पाहुणे, आणि आपल्यासाठी त्यांच्या घराची पार उलथापालथ झालेली. दलदल म्हणजे वाया गेलेली जागा, असं तेव्हा सगळेच मानत. पावसाचं पाणी स्पंजासारखं धरून ठेवणं, गाळून हळूहळू सोडणं, मासळीच्या पिल्लांना आसरा देणं ही तिची कामं कुणी मोजलीच नव्हती. घरातल्या बाईच्या कामासारखी ती बिनपगारी आणि न दिसणारी! फ्लोरिडा राज्याने पाणथळ जागांच्या रक्षणाचा कायदा केला १९८४ मध्ये, म्हणजे मैदान होऊन गेल्यावर चार वर्षांनी.

आपल्याकडे तर असं म्हणायची सोय नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याला जागा लागते हे मुंबईने गळ्यापर्यंत बुडून शिकून घेतलं. तरीही नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीवर गोल्फ मैदान आणि इमारतींची योजना निघालीच. खाडीला भरती आली, चिखल पाण्याखाली गेला की फ्लेमिंगो विसाव्याला येतात, ती ही उथळ तळी. तिथल्या रहिवाशांनी कोर्टाची पायरी चढली आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती योजना रद्द ठरवली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२२ मध्ये ठाणे खाडीला ‘रामसर’ म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. खाडी वाचवायची आणि पक्ष्यांची विसाव्याची जागा बुजवायची, याला काय अर्थ आहे?

गोल्फ मला आवडतो आणि तो मी गुडघे साथ देतील तोवर खेळणार. पण चेंडू मारायला माळरान चालतं, मुरमाड पडीक जमीन चालते. फ्लेमिंगोला मात्र ते चालत नाही. ॲलिसबाईंच्या पुढे खड्डा आला तेव्हा दलदल आधीच उपसून झालेली होती. त्यातून त्यांनी सोनं केलं, याचं कौतुक आहेच. नेरूळला अजून खड्डा पडलेला नाही. तो पडूच न देणं, हेही तितकंच हुशारीचं काम आहे.