शिडांची शाळा

आजची जहाजे यंत्रांच्या बळावर चालतात. मग भारतीय नौदल आपल्या छात्रांना शिडाच्या जहाजावर शिकायला का पाठवते?

‘आय. एन. एस. तरंगिणी’ हे असेच एक जहाज. ते गोवा शिपयार्डमध्ये बांधले गेले आणि १९९७ साली नौदलात दाखल झाले. त्याची लांबी ५४ मीटर असून त्याला तीन डोलकाठ्या आणि २० शिडे आहेत. २००३-०४ मध्ये त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. जहाजावर यंत्रेही आहेत, पण छात्र शिकतात ते शिडांवर. दोरांच्या शिडीवरून उंच चढायचे, कमरेचा पट्टा अडकवायचा आणि आडव्या काठीवर ओणवे होऊन शीड सोडायचे किंवा गुंडाळायचे. खाली उभे असलेले सोबती त्याच वेळी दोर ओढतात. एवढे मोठे शीड एकट्याने आवरत नाही, हा येथला पहिला धडा.

दुसरा धडा बलांचा. वारा पाठीमागून आला, तर तो जहाजाला पुढे ढकलतो हे कोणालाही समजते. पण तो पुढच्या बाजूने तिरका आला तर? तेव्हा शीड अशा कोनात धरतात, की वाऱ्याचा झोत त्यावरून वळावा. शीड वाऱ्याला वळवते, म्हणजे त्यावर बल लावते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तेवढेच बल उलट दिशेने शिडावर लागते. हे बल बरेचसे आडवे आणि थोडेसे पुढच्या दिशेने असते. जहाजाचा पाण्याखालचा लांबट भाग आडवे सरकायला मोठा विरोध करतो; पुढे जायला मात्र फारसा नाही. मग जहाज पुढेच जाते. भिजलेले वाल सोलताना बोटांच्या चिमटीतून बिरडे कसे पुढे निसटते, ते तुम्ही पाहिले असेल. येथे चिमटीचे एक बोट वारा आणि दुसरे पाणी!

अगदी वाऱ्याच्या तोंडावर मात्र कोणतेच शीड-जहाज जाऊ शकत नाही. त्याला नागमोडी वाट धरावी लागते. काही अंतर एका बाजूला, मग वळून दुसऱ्या बाजूला. प्रत्येक वेळी वाऱ्याशी ६० अंशांचा कोन ठेवला, तर वाऱ्याच्या दिशेने १० मैल चढण्यासाठी किती मैल कापावे लागतील? ६० अंशांची कोज्या १/२, म्हणून उत्तर २० मैल.

वाऱ्याचे आडवे बल जहाजाला कलंडवूही पाहते. जहाज कलले, की पाण्यात बुडालेल्या भागाचा आकार बदलतो. पाण्याचे वर ढकलणारे बल कललेल्या बाजूकडे सरकते, वजन मात्र आपल्या जागीच राहते. ही दोन बले मिळून जहाजाला पुन्हा सरळ करतात. म्हणूनच जड वस्तू तळाशी ठेवतात आणि घट्ट बांधतात. पण वजनानेच जागा सोडली तर?

याचे उत्तर ‘पामीर’ या जर्मन जहाजाने दिले. चार डोलकाठ्यांचे हे जहाज अर्जेंटिनातून जव घेऊन निघाले होते. जव बहुतांशी पोत्यांत न भरता सुटेच ओतलेले होते. २१ सप्टेंबर १९५७ रोजी अटलांटिक महासागरात ते चक्रीवादळात सापडून बुडाले. जहाजावरील ८६ जणांपैकी निम्म्याहून अधिक शिकाऊ मुले होती. वाचले फक्त सहा जण. जहाज कलल्यावर धान्य एका बाजूला घसरले, हा चौकशीतील एक प्रमुख मुद्दा होता.

यंत्राच्या जहाजालाही वारा, लाटा आणि वजनाचे हेच नियम लागू असतात. यंत्राच्या जोरावर ते जाणवत नाहीत, एवढेच. शिडाच्या जहाजावर ते हातातल्या दोराला आणि पायाखालच्या फळीला जाणवतात. छात्रांना तेथे पाठवतात ते यासाठी.

तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. एका रुंद डबीत काही गोट्या सुट्या ठेवून ती बादलीतल्या पाण्यावर तरंगवा आणि बोटाने हलकेच कलती करा. नंतर त्याच गोट्या तळाशी चिकणमातीत घट्ट बसवा आणि डबी पुन्हा तेवढीच कलती करा. कोणती डबी सावरली आणि कोणती अधिकच कलंडली, ते वहीत टिपून ठेवा. कारणही लिहा.