एकवीस दिवसांचे इंजेक्शन

गेल्या पावसाळ्यात एक शेतकरी आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आला. मुलीला धाप लागत होती. रात्री आडवे झाले की खोकला येई, डोक्याखाली दोन उशा घ्याव्या लागत. जुने कागद पाहिले. चार वर्षांपूर्वी तिला संधिवाताचा ताप, म्हणजे ज्याला आम्ही डॉक्टर ‘ऱ्हुमॅटिक फीवर’ म्हणतो तो, येऊन गेला होता. दर एकवीस दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे असे स्वच्छ लिहिले होते. इंजेक्शनांच्या कार्डावर तीन वर्षे ओळीने तारखा होत्या. त्यापुढे कार्ड कोरे.

“इंजेक्शन का थांबवलंत?” मी विचारले.

“थांबवलं नाही डॉक्टरसाहेब, मिळालंच नाही,” बाप म्हणाला. “तालुक्याच्या तिन्ही दुकानांत विचारलं. माल येत नाही म्हणाले. पोरगी तर चांगली हिंडत-फिरत होती. मग आम्हीही नाद सोडला.”

या माणसाने हयगय केली असे मी म्हणणार नाही. तो तीन वर्षे न चुकता आला होता. पण औषध मिळाले नाही तर पुढे काय करायचे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आजचा लेख त्यासाठीच आहे.

घशापासून हृदयापर्यंत

लहान मुलांचा घसा वरचेवर दुखतो. त्यांपैकी काही वेळा त्याला ‘स्ट्रेप्टोकोकस’ जातीचे जंतू कारण असतात. घसा चार दिवसांत बरा होतो, पण काही मुलांच्या शरीरात या जंतूंविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच शरीरावर उलटते. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे, घोटे, मनगटे एकामागून एक सुजतात. पाच ते पंधरा या वयात हे अधिक दिसते. सांध्यांची सूज पूर्ण उतरते. हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र मागे राहू शकते. झडप आकसते किंवा गळू लागते. मग धाप, पायांवर सूज, आणि मुलगी असेल तर पुढे बाळंतपणात जिवाला धोका.

हा ताप एकदा येऊन गेलेल्या मुलाला पुन्हा तसाच घसा झाला तर ताप परत येण्याची शक्यता मोठी असते, आणि प्रत्येक खेपेला झडपेवर नवा घाव बसतो. म्हणून घशात हे जंतू रुजूच द्यायचे नाहीत, हा उपाय. बेंझाथिन पेनिसिलिन स्नायूत खोल टोचले की तेथून हळूहळू रक्तात उतरते आणि सुमारे तीन आठवडे पुरते. मोठ्या मुलांना साधारणपणे १२ लाख युनिट दर २१ दिवसांनी देतात. वजन कमी असलेल्या मुलांना मात्रा कमी आणि अंतरही कमी. १९५० च्या दशकापासून हे औषध वापरात आहे आणि आजही त्याच्यापेक्षा सरस उपाय नाही.

हे इंजेक्शन आजार बरा करण्यासाठी नसून आजार परत येऊ नये म्हणून असते. त्यामुळे मूल ठणठणीत दिसत असतानाच ते घ्यायचे असते. हृदयाला इजा नसेल तर किमान पाच वर्षे किंवा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत, यांपैकी जे नंतर येईल तोवर. इजा होऊन गेली असेल तर दहा वर्षे किंवा पंचविशीपर्यंत. झडप अधिक बिघडली असेल तर चाळिशीपर्यंत किंवा जन्मभर. कधी थांबवायचे हे डॉक्टरांनी ठरवायचे. दुकानातील कपाट रिकामे आहे म्हणून ते थांबता कामा नये.

दुकानात का मिळत नाही?

औषध महाग म्हणून मिळत नाही, असे वाचकांना वाटेल. खरे तर ते स्वस्त आहे म्हणून मिळत नाही. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ते आहे आणि त्याच्या किमतीवर सरकारचे नियंत्रण आहे. औषध जुने, नफा थोडा, त्यामुळे ते बनवणारे कारखाने जगातच मोजके. एखाद्याचे काम थांबले की टंचाई होते. मे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्षिक सभेने औषधटंचाईवर ठराव केला, त्यात या औषधाचा उल्लेख आहे.

आपल्या पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला तो पेनिसिलिनसाठीच. पुढे बाहेरून, मुख्यतः चीनमधून, येणारा कच्चा माल स्वस्त पडू लागला आणि देशातले उत्पादन मागे पडले. २०२० मध्ये केंद्र सरकारने कच्च्या औषधद्रव्यांसाठी प्रोत्साहन योजना आणली, तिच्यात पेनिसिलिन-जीचा समावेश आहे.

दुसरे कारण आपल्या गावातलेच आहे. औषध दुकानदार खपेल तोच माल ठेवतो. वर्षाकाठी चार कुप्या खपणार आणि बाकीच्या मुदत संपून टाकाव्या लागणार, तर तो मागवील कशाला? आणि डॉक्टर रिॲक्शनच्या भीतीने लिहीत नाहीत म्हणून खप नाही. असे हे चक्र आहे.

मिळवायचे कसे?

पहिली गोष्ट, तारखेच्या दिवशी शोध सुरू करू नका. आजचे इंजेक्शन झाले की पुढची कुपी मागवायला सांगा. हाताशी एकवीस दिवस असतात. शक्य असेल तर एक कुपी जास्तीची घेऊन ठेवा. मुदतीची तारीख पाहा आणि वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे थंड, कोरड्या जागी ठेवा.

दुसरी गोष्ट, चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या. एका कंपनीचे नाव घेऊन विचारले आणि ते नसले, तर दुकानदार सरळ ‘नाही’ म्हणतो. दुसऱ्या कंपनीचे तेच औषध चालते. १२ लाखांची कुपी नसेल तर ६ लाखांच्या दोन चालतील का, हे डॉक्टरांना विचारा. मात्र ‘पेनिसिलिनच आहे’ म्हणून दिलेले दुसरे इंजेक्शन घेऊ नका. साधे बेंझिल पेनिसिलिन काही तासांत उतरते, प्रोकेन पेनिसिलिन साधारण दिवसभर पुरते. नावे सारखी वाटतात, पण तीन आठवड्यांचे संरक्षण फक्त ‘बेंझाथिन’ देते.

तिसरी, सरकारी दवाखान्यात विचारा. उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय या क्रमाने जा. शाळा-अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून सुरू झाला, आणि त्यात या हृदयविकाराचा समावेश आहे. शाळेत येणाऱ्या त्या पथकाला मुलाचे कार्ड दाखवा.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची. औषध मिळाले नाही तर रिकाम्या हाताने घरी जाऊ नका, डॉक्टरांकडे जा. इंजेक्शन मिळेपर्यंत पेनिसिलिन-व्हीच्या गोळ्या रोज दोन वेळा देता येतात. पेनिसिलिन सोसत नसेल त्याला एरिथ्रोमायसिनसारखी दुसरी गोळी देता येते. गोळ्या चुकतात, म्हणून इंजेक्शन अधिक भरवशाचे. पण काहीच न घेण्यापेक्षा गोळी कितीतरी बरी.

पाचवी, टंचाई चालूच राहिली तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी कळवा. केंद्राच्या औषध मूल्य प्राधिकरणाकडेही औषध मिळत नसल्याची तक्रार करता येते. तक्रार नोंदली नाही तर टंचाई आहे हे वर कळणार कसे?

सुईची भीती

पेनिसिलिनच्या रिॲक्शनची भीती अगदीच खोटी नाही, पण तिचे माप माहीत हवे. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत १,७९० रुग्णांना मिळून ३२,४३० इंजेक्शने दिली गेली. गंभीर रिॲक्शन चौघांना आली आणि एक मुलगी दगावली. म्हणून हे इंजेक्शन घरी किंवा वाटेल त्याच्याकडून घेऊ नये. जेथे ॲड्रेनॅलिन तयार ठेवलेले असते तेथेच घ्यावे आणि नंतर अर्धा तास तेथेच बसावे. औषध दाट असते, सुई अडकते, ते शिरेत जाता कामा नये; टोचणाऱ्याला सवय हवी. ज्यांची झडप फार बिघडली आहे आणि धाप लागते, त्यांना गोळ्याच बऱ्या, असा सल्ला अमेरिकन हृदयरोग संघटनेने २०२२ मध्ये दिला आहे.

आमच्या त्या मुलीला मी तातडीने हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. झडप बरीच खराब झाली आहे, पुढे शस्त्रक्रिया लागेल. तज्ज्ञांच्या सल्ल्याने सध्या ती दोन वेळा गोळ्या घेते. एका वर्षात जे गेले ते परत येणार नाही, हे तिच्या वडिलांना सांगताना मला जड गेले.

त्यानंतर मी एक वही केली. माझ्याकडे येणाऱ्या अशा सात मुलांची नावे आणि तारखा तिच्यात लिहिल्या. एका मुलाला वर्षाला सतरा-अठरा कुप्या लागतात. सात मुलांच्या सव्वाशेच्या आसपास होतात. हा हिशेब घेऊन मी बाजारपेठेतल्या एका औषध दुकानदाराकडे गेलो. त्याने वही पाहिली आणि म्हणाला, “एवढं गिऱ्हाईक आहे हे आधी कोणी सांगितलंच नाही की!” आता त्याच्या दुकानात दहा कुप्या कायम असतात. घाऊक विक्रेत्याकडून माल उशिरा येणार असला तर तो मला आधी फोन करतो.

ही वही कोणीही करू शकतो. डॉक्टर करतील, शाळेतले गुरुजी किंवा गावातील आशाताई करतील, चार पालक एकत्र येऊनही करतील. आपल्या ओळखीत असे कार्ड असलेले मूल असेल तर आज एवढेच करा. शेवटची तारीख पाहा. एकवीस दिवस होऊन गेले असतील तर पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका, उद्या सकाळीच डॉक्टरांकडे जा.