कागद तिचे, शब्द त्याचे

'ती फुलराणी'तली भक्ती बर्वे यांची मंजुळा ठाऊक नाही असा मराठी नाट्यरसिक विरळा. मूळ 'पिग्मॅलियन' बर्नार्ड शॉचं, हेही सर्वांना माहीत. पण शॉने ती फुलवाली जिच्यासाठी लिहिली, त्या मिसेस पॅट्रिक कॅम्पबेलने मला कित्येक वर्षं झपाटलं आहे. तिच्याविषयी जसजसं वाचत गेलो, तसतसं शॉवरचं मन उतरत गेलं.

माहेरची स्टेला टॅनर. जन्म 1865, लंडन, आई इटालियन, एकोणिसाव्या वर्षी पळून जाऊन लग्न, 1893 मध्ये पिनेरोच्या 'द सेकंड मिसेस टँकरे'ने एका रात्रीत नाव, 1900 मध्ये नवरा बोअर युद्धात कामी आला. एवढं कुठल्याही चरित्रकोशात मिळतं.

एप्रन बांधलेली, शहामृगाची पिसं मिरवणारी ईस्ट एंडची पोरगी तिने करावी, असं शॉने 1897 मध्येच अभिनेत्री एलन टेरीला लिहिलं होतं. 1912 मध्ये तो तिला नाटक वाचून दाखवायला गेला आणि पंचावन्न वर्षांचा हा विवाहित गृहस्थ स्वतःच पाघळला. पत्रांचा नुसता पाऊस! 1913 च्या ऑगस्टमध्ये ती केंटमधल्या सँडविचला विश्रांतीला गेली, तर स्वारी तिथेही हजर. जा म्हटलं तरी हलेना, तेव्हा तीच हॉटेल सोडून गेली. मग शॉने पत्रातून आगपाखड केली.

6 एप्रिल 1914 रोजी तिने चर्चिलच्या आईच्या घटस्फोटित नवऱ्याशी, जॉर्ज कॉर्नवॉलिस-वेस्टशी लग्न केलं आणि पाचच दिवसांनी हिज मॅजेस्टीज थिएटरात 'पिग्मॅलियन'ची फुलवाली इलायझा म्हणून उभी राहिली. वय 49! तालमींत तिचं आणि प्रोफेसर हिगिन्सची भूमिका करणाऱ्या बीरबोम ट्रीचं क्षणभर पटत नव्हतं. पण तिने भर दिवाणखान्यात 'ब्लडी' उच्चारलं आणि हशा मिनिटभराहून जास्त टिकला.

पुढे तिचे दिवस फिरले. मुलगा 1917 मध्ये महायुद्धात गेला, दुसरा संसार मोडला, कामं आटली. हाती उरली शॉची पत्रं. पण कायदा असा, की पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, मजकूर मात्र लिहिणाऱ्याचा. 1922 च्या आत्मचरित्रात काही पत्रं आली, तीही शॉने कात्री लावून. पुढे गरजेपोटी पुन्हा विचारलं, तर नकार. बायकोला, शार्लटला काय वाटेल, ही त्याची सबब. ती खोटी नव्हती. पण याच माणसाने 1929 मध्ये 'द ॲपल कार्ट' नाटकातली राजाची मैत्रीण ओरिंथिया स्टेलावरूनच बेतली. ती संतापली. तेव्हा शार्लट आड आली नाही!

सत्तरीच्या उंबरठ्यावर ती हॉलिवूडला गेली. स्टर्नबर्गच्या 'क्राइम अँड पनिशमेंट'मधली (1935) गहाणवटवाली म्हातारी तिचीच. पण तिखट जिभेने तिथेही माणसं तोडली. तिकडे 'पिग्मॅलियन'च्या 1938 च्या चित्रपटासाठी शॉला ऑस्कर मिळालं. ही मात्र फ्रान्समध्ये होती, कारण इंग्लंडला परतायचं तर लाडक्या मूनबीम कुत्रीला सहा महिने क्वारंटाइनमध्ये ठेवावं लागलं असतं. 9 एप्रिल 1940 रोजी पो या गावी ती गेली.

पत्रव्यवहार 1952 मध्ये, शॉही गेल्यावर छापला गेला. त्यावरून जेरोम किल्टीने रचलेलं 'डिअर लायर' मुंबईत नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक यांनी केलं. त्यात स्टेला शॉला शेरास सव्वाशेर भेटते. पत्रं मुळात होतीच तशी, आणि म्हणूनच शॉने ती तिच्या हयातीत अडवायला नको होती.