होटगीचा माळ आणि रंगगोळ्यांचा धंदा

होटगी म्हणजे लोहमार्गाचा फाटा, एवढीच ओळख बाहेरच्यांना असते. सोलापूरहून आलेला मार्ग येथे दुभंगतो. एक वाडीकडे जातो, दुसरा विजापूर-गदगकडे. या जंक्शनाच्या आसपास मुरमाड माळ पुष्कळ आहे आणि त्यावरची ज्वारी पावसाच्या मर्जीवर अवलंबून आहे. अशा दोन-तीन एकरांच्या भरवशावर पदवीधर मुलगा ‘पेंटबॉलचे मैदान काढतो’ असे म्हणाला, तर निवृत्तीला आलेल्या वडिलांनी काय उत्तर द्यावे? त्याची कल्पना हसण्यावारी नेणे सोपे आहे. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम डोळे मिटून त्याच्या हाती देणेही तितकेच सोपे, पण अधिक घातक आहे. म्हणून या धंद्याचे अंतरंग आधी पाहिले पाहिजे.

हा खेळ अवघ्या चार दशकांचा आहे. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात हेनिकर येथे २७ जून १९८१ रोजी बारा जण रानात उतरले. त्यांच्या हाती होत्या त्या बंदुका मुळात वनखात्याची माणसे झाडांवर आणि पशुपालक गुरांवर खुणा करण्यासाठी वापरीत. रानातील निशाणे गोळा करून सुखरूप बाहेर पडायचे, हा डाव होता. तो जिंकणाऱ्याने एकही गोळी झाडली नाही, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. १९८२ पासून तिकीट लावून चालणारी मैदाने तेथे निघाली. आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या साहसी उद्यानांतून हा खेळ रुजला. पण त्याच्या एका बाजूस मुंबई आणि दुसऱ्या बाजूस पुणे आहे, हे विसरून चालणार नाही.

होटगीचे गिऱ्हाईक वेगळे. सोलापूरची महाविद्यालये, शाळांच्या सहली, जवळच्या १३२० मेगावॅटच्या एनटीपीसी वीजकेंद्रातील आणि सिमेंट कारखान्यांतील नोकरदार, एवढाच त्याचा परीघ. तोही बहुतांशी शनिवार-रविवारचा. चैत्र-वैशाखात येथे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा जाड कपडे आणि मुखवटा चढवून कोण धावणार? पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो आणि दमट हवेत जिलेटिनच्या गोळ्या फुगतात. मार्चमध्ये परीक्षा. म्हणजे खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पाच महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचा संसार उभा करू पाहणाऱ्याने दुसरा जोडधंदा हाती ठेवलाच पाहिजे.

हिशेबाची किल्ली गोळ्यांत आहे. एका खोक्यात साधारणतः २००० गोळ्या येतात. वीस जणांनी प्रत्येकी शंभर गोळ्या उडविल्या की खोके रिकामे. प्रवेशशुल्कातून जागा, माणसे व साधनांची झीज भागते; नफा बहुधा जादा गोळ्यांच्या विक्रीतून निघतो. येथेच मोह उभा राहतो. जुन्या, कडक झालेल्या गोळ्या स्वस्तात आणणे, जमिनीवर पडलेल्या वेचून पुन्हा भरणे, वेग वाढवून ‘मजा’ वाढविणे, हे सारे मोहाचेच प्रकार होत.

या मोहाची किंमत डोळ्याने मोजावी लागते. गोळीचा व्यास सुमारे सतरा मिलिमीटर आणि वेगाची सर्वसाधारण कमाल मर्यादा सेकंदाला ३०० फूट, म्हणजे ताशी सुमारे ३३० किलोमीटर. क्रिकेटचा चेंडू डोळ्याभोवतीच्या हाडावर थोडाबहुत अडतो; ही गोळी थेट खोबणीत शिरू शकते. काच धुकटली म्हणून खेळाडू क्षणभर मुखवटा वर करतो आणि तेवढ्यात घात होतो. म्हणून मैदानाच्या सीमेच्या आत मुखवटा कोणत्याही कारणाने उतरायचा नाही, हा नियम कडकपणे पाळून घेणारे पंच हवेत. प्रत्येक बंदुकीचा वेग खेळापूर्वी यंत्रावर मोजला पाहिजे, प्रेक्षकांपुढे जाळी हवी आणि हवेच्या नळकांड्यांची ठराविक मुदतीत दाबचाचणी हवी. मुखवट्यात काटकसर करून नफा काढू म्हणणे हे दात कोरून पोट भरण्यासारखे आहे.

सोलापूरच्या काही जमेच्या बाजूही आहेत. गणवेश शिवण्यात हे शहर नावाजलेले. खेळाडूंचे जाड अंगरखे बाहेरून आणण्याचे कारण नाही. आडोशांसाठी जुने टायर आणि पिंपे चालतात. परंतु रंग धुण्यास पाणी लागते आणि या तालुक्यात ते जपूनच वापरावे लागते. होटगी तलावावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात. त्यांचा आणि या धंद्याचा हंगाम एकच, तेव्हा मैदान तलावापासून दूरच असावे. फुटक्या गोळ्या कुत्र्यांनी खाल्ल्यास त्यांना विषबाधा होऊ शकते, म्हणून खेळ संपताच त्या वेचल्या पाहिजेत. गोळीचे जिलेटिन प्राण्यांच्या कातडीहाडांपासून बनते, हेही शाकाहारी गिऱ्हाइकाला आधी सांगावे. धंद्यात लपवाछपवी फार काळ टिकत नाही.

राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. नोंदणी, प्रशिक्षित माणसे आणि सुरक्षा यांवर त्याचा भर आहे. आपला खेळ त्यात कोठे बसतो, जमिनीचा वापर बदलावा लागेल काय, बंदुकांविषयी कायदा काय म्हणतो, हे पर्यटन, तहसील व पोलीस कार्यालयांतून लेखी विचारून घ्यावे. तोंडी आश्वासनावर कुंपण घालू नये.

सहल नेणाऱ्या शिक्षकांवरही जबाबदारी आहे. दर किती, हे विचारण्याआधी त्यांनी मुखवटे पाहावेत, वेगमापक यंत्र दाखवा म्हणावे, पंच किती ते मोजावे आणि जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे ते विचारावे. मालक या प्रश्नांनी चिडला, तर मुलांना घेऊन सरळ परत फिरावे.

होटगीच्या माळावर असा धंदा निघू नये असे कोण म्हणेल? तरुणांनी पुण्याची गाडी पकडण्याऐवजी गावात काही उभारावे, ही इष्टच गोष्ट आहे. मात्र जमीन आणि बंदुका हे या धंद्याचे खरे भांडवल नव्हे. आपले मूल संध्याकाळी दोन्ही डोळ्यांनिशी घरी येईल हा पालकांचा विश्वास, हेच ते भांडवल होय. ते कोणत्याही बँकेकडून कर्जाऊ मिळत नाही आणि एकदा बुडाले की त्याची वसुलीही होत नाही.