जड आरसी विमान: उडवणं सोपं, उतरवणं अवघड

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. बोलणं थोडं आवरून घेतलंय, आकडे तेच आहेत.

प्रश्न आला होता तो असा: "दादा, आम्ही तिघं मित्र कागल पंचतारांकित एमआयडीसीत कामाला आहोत. अडीच मीटर पंखांचं आरसी विमान बनवतोय, वजन आठ किलोच्या घरात जाईल. इथले रस्ते रुंद आहेत, सरळ आहेत. सुट्टीच्या दिवशी रस्त्यावरच उतरवलं तर चालेल का?"

रस्त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी वजनाचा हिशेब कळायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल दादा उगाच घाबरवतोय.

पंख विमानाला उचलून धरतो तो वेगाच्या जोरावर. वेग एका मर्यादेखाली गेला की पंखावरची हवा सुटते आणि विमान दगडासारखं खाली येतं. याला स्टॉल म्हणतात. तुमचा पंख अडीच मीटर लांब आणि साधारण ३२ सेंटिमीटर रुंद धरला, तर क्षेत्रफळ झालं ०.८ चौरस मीटर. कागलची उंची आणि उन्हाळ्यातली पातळ हवा धरून, फ्लॅप नसलेल्या साध्या पंखाचा हिशेब केला तर आठ किलोचं विमान ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास स्टॉल होईल. तेच विमान दहा किलोचं झालं तर ५०, आणि बारा किलोचं झालं तर ५४-५५.

ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि वजन तर वाढलेलंच असतं. म्हणजे पंख तोच ठेवून वजन दुप्पट केलं तर उतरताना जिरवायची ऊर्जा चौपट होते. आठाचे दहा किलो केले तरी ती दीड पटीच्या वर जाते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जड विमानाचं लँडिंग मैदानावर ठरत नाही, ते बनवतानाच टेबलावर ठरतं.

आता आपल्याकडची सवय बघा. आपण फौंड्री आणि मशीन शॉपवाली माणसं. शंका आली की जाडी वाढवायची! मशीनच्या बेडला ते शोभतं, तिथं वजन कंपन खातं. विमानात तोच हात चालवला की वाट लागते. चार मिमी प्लायवूड पुरत असताना सहा मिमी घ्यायचं, जोडावर इपॉक्सी ओतायचं, वर फायबरचा आणखी एक थर द्यायचा. प्रत्येक वेळी पन्नास-शंभर ग्रॅम जातात आणि शेवटी काट्यावर ठेवलं की दीड किलो जादा भरतं.

त्यातही शेपटी सगळ्यात महाग. विमानाचा तोल, म्हणजे सीजी, सरळ पंखाच्या रुंदीच्या पुढून साधारण २५ ते ३० टक्क्यांवर यायला लागतो. शेपटी तिथून लांब असते, नाक जवळ असतं. शेपटीचं अंतर नाकाच्या तिप्पट असेल, तर शेपटीत वाढलेल्या १०० ग्रॅमला नाकात ३०० ग्रॅम शिसं भरायला लागतं. एकूण वाढ ४०० ग्रॅम! म्हणून मागच्या भागात बाल्सा, फोम, कार्बनची नळी. मजबुती लागते ती मोटरच्या भिंतीपाशी, पंखाच्या मुळाशी आणि चाकं बसतात तिथं.

चाकांच्या पायांसाठी बहुतेक जण ॲल्युमिनियमची पट्टी वाकवतात. शेडमध्ये ब्रेक प्रेस असेल तर काम सोपं, पण टोकदार घडी मारू नका. कडक ग्रेडची पट्टी त्या रेषेवरच तडकते. गोलाई मोठी ठेवा. आणि पाय बसवताना स्टीलचे बोल्ट वापरायचा मोह होईल, तिथं नायलॉनचे वापरा. वाईट लँडिंगमध्ये काहीतरी तुटणारच असतं. चार बोल्ट तुटले तर पाच मिनिटांत नवे बसतात. स्टीलचे असतील तर ते टिकतात आणि अख्खा तळ उचकटून येतो.

आता उतरवणं. पहिल्या उड्डाणातच लगेच खाली यायची घाई करू नका. साठ-सत्तर मीटर उंचीवर जा, थ्रॉटल कमी करा, एलिव्हेटर हळूहळू ओढत विमान मंद होऊ द्या. कुठल्या वेगाला ते ढिलं पडतं, कुठला पंख आधी पडतो, हे वर असताना बघून घ्या. जमिनीपासून पाच मीटरवर ही माहिती मिळाली तर काही उपयोग नाही.

अप्रोचचा वेग स्टॉलच्या १.३ पट धरायचा. आठ किलोसाठी ५८ किलोमीटर. अडचण अशी की तुम्ही कॉकपिटमध्ये नाही, जमिनीवर उभे आहात, आणि डोळ्याला दिसतो तो जमिनीवरचा वेग. वारा १५ किलोमीटरचा असेल, तर वाऱ्याच्या दिशेने जाताना तेच विमान ७३ ने पळताना दिसतं. पोरगं म्हणतं, "लई जोरात चाललंय," आणि थ्रॉटल ओढतं. लगेच पुढं वळण येतं. ४५ अंश कलवून वळताना स्टॉलचा वेग ४५ वरून ५३ वर चढतो. इकडं वेग कमी केलाय, तिकडं मर्यादा वर आलीय. जड मॉडेल बरीचशी इथंच जातात, धावपट्टीवर नाही. म्हणून शेवटचं वळण मोठं आणि उथळ घ्या, थ्रॉटल थोडा चालू ठेवून.

सरळ रेषेत आलात की एक गोष्ट हाताला शिकवा: वेग एलिव्हेटरने सांभाळायचा, खाली येणं थ्रॉटलने. विमान आखूड पडतंय असं वाटलं की आपण नाक वर ओढतो, आणि तिथंच वेग मरतो. आखूड पडतंय तर पॉवर द्या. हलकं फोमचं विमान पॉवर बंद करून तरंगत येतं, जड विमान तसं येत नाही. त्याला जवळजवळ जमिनीपर्यंत पॉवरवर आणायचं. चाकं हातभर उंचीवर असताना हळू फ्लेअर, मग थ्रॉटल बंद. उसळी मारली तर नाक खाली दाबू नका. पॉवर द्या, पुन्हा फेरी मारा. एका लँडिंगसाठी तीन फेऱ्या मारल्या म्हणून कोण हसत नाही, आणि बॅटरीत तेवढा साठा राखूनच खाली यायचं असतं.

इंजिनिअरिंगची पोरं हे स्पर्धेत शिकतात. एसएई एरो डिझाइन नावाची स्पर्धा आहे, त्यात मुंबईच्या द्वारकादास संघवी कॉलेजची स्कायलार्क टीम उतरते. तिथं वजन उचललं एवढ्यावर गुण मिळत नाहीत. विमान ठरलेल्या पट्ट्यात, धड उतरायला लागतं.

आता रस्ता. दहा किलोचं विमान ताशी ५० ने आदळणं म्हणजे दहा किलोचं वजन तिसऱ्या मजल्यावरून अंगावर पडणं. हिशेब करून बघा, उंची दहा मीटरच्या जवळ येते. शिवाय पुढं फिरता पंखा असतो. एमआयडीसीचा रस्ता सुट्टीलाही रिकामा नसतो. कंटेनर उभे असतात, सिक्युरिटीवाले मामा सायकलवरून येतात, तीन पाळ्यांच्या कारखान्याची शिफ्ट सुटते. दोन्ही बाजूंना दिव्याचे खांब आणि वायरी. वाऱ्याने विमान पाच मीटर सरकलं तर जायचं कुठं? तर नाही, रस्त्यावर उतरवायचं नाही.

दुसरी बाजू कायद्याची. २०२१ च्या ड्रोन नियमांत हौस, शिक्षण किंवा संशोधनासाठीचं, २५ किलोपर्यंतचं आणि नजरेच्या टप्प्यात उडवायचं मॉडेल ही वेगळी व्याख्या आहे, त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण आकाशाचे नियम सुटत नाहीत. उजळाईवाडीचा विमानतळ आपल्या शेजारीच आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, ८ ते १२ च्या पट्ट्यात मोकळीक फक्त २०० फुटांपर्यंत. वसाहत एवढी पसरलेली आहे की अंदाजावर जाऊ नका, डिजिटल स्कायच्या नकाशावर नेमकी जागा टाकून बघा.

मग उतरवायचं कुठं? विमानतळापासून लांबच्या एखाद्या गावाबाहेरचं माळरान बघा. मालकाला विचारा, दगड वेचा, शंभर-सव्वाशे मीटरची पट्टी वाऱ्याच्या रेषेत रोलरने दाबून घ्या. बघायला आलेली सगळी माणसं पायलटच्या मागे, एकाच बाजूला. आणि तिघांपैकी एकाचं काम फक्त आजूबाजूला नजर ठेवायचं.

विमान पूर्ण झालं की पंख बसवायच्या आधी काट्यावरचा फोटो पाठवा. साडेआठच्या वर भरलं तर कुठून काढायचं ते सांगतो. पुढच्या भागात रिसीव्हरची बॅटरी आणि फेलसेफ, कारण सिग्नल तुटला की यातलं काहीच तुमच्या हातात राहत नाही.