अंजनवेलात राहून अंजनवेलकर होता येत नाही

वाशिष्ठीचे पाणी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते, त्या मुखाच्या दक्षिण अंगाला अंजनवेल. वर सड्यावर गोपाळगड. तुळाजी आंग्र्यांनी तो सिद्दीकडून घेतला, मग पेशव्यांकडे गेला आणि १८१८ साली इंग्रजांच्या वतीने कर्नल केनेडीने ताब्यात घेतला. इतिहासाची पुस्तके इथे पान उलटतात. आपण मात्र या दोन आडनावांपाशी थांबू : केनेडी आणि अंजनवेलकर.

केनेडी आयर्लंडात सापडतात तसे स्कॉटलंडातही. आयरिश केनेडी मूळचे ‘ओ किनेडी’. ‘ओ’ म्हणजे नातू, वंशज. हे घराणे ब्रायन बोरू या प्रसिद्ध राजाच्या पुतण्यापासून आपला वंश सांगते. पिढीजात आडनावे युरोपात सर्वांत आधी जिथे रुजली त्या देशांत आयर्लंड येतो; दहाव्या-अकराव्या शतकातच ती तिथे स्थिरावू लागली होती. तिथले आडनाव विचारते, तू कुणाचा? कोकणातले विचारते, तू कुठला?

पहिला प्रश्न जनुकशास्त्रज्ञांच्या भलताच सोयीचा. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे उतरते, आणि तिकडे आडनावही त्याच वाटेने जाते. मधूनच एखाद्या पिढीत त्यावर किरकोळ बदल घडतो आणि पुढच्या सगळ्या वंशजांत दिसत राहतो. दोन पुरुषांच्या गुणसूत्रांत असे फरक जितके कमी, तितका त्यांचा समाईक पूर्वज जवळचा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या संशोधकांना २००६ साली वायव्य आयर्लंडातल्या पुरुषांत सुमारे पाचांत एकाकडे एकाच घडणीचे वाय गुणसूत्र आढळले. पाचव्या शतकातल्या नायल राजापासून वंश सांगणाऱ्या आडनावांत ते विशेष होते. वृत्तपत्रांनी लगेच नायलला लाखोंचा खापरपणजोबा करून टाकले. ती खूण नायलच्याही आधीची असावी, असे पुढे दिसू लागले. पण या बातमीला तेवढी प्रसिद्धी कुठली मिळायला! ब्रिटनमध्ये ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी दाखवले की आडनाव जितके दुर्मिळ, तितका मूळपुरुष एक असण्याचा संभव जास्त. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगाव. त्यामुळे दोन स्मिथांची गुणसूत्रे रस्त्यावरच्या कुठल्याही दोघांइतकीच वेगळी.

आता आपल्याकडचा ‘कर’. अंजनवेलात राहणाऱ्याला कुणी अंजनवेलकर म्हणून हाक मारणार नाही. तिथे तर सगळेच अंजनवेलचे. ही ओळख चिकटते ती गाव सोडून दुसरीकडे बिऱ्हाड केल्यावर, आणि चिकटवतात तिथले लोक. शिवाय पेशवाईत अंजनवेल हे एका अख्ख्या तालुक्याचेही नाव होते. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या जातीधर्माची माणसे त्या बाजूने बाहेर पडली तर त्या प्रत्येकाला तेच नाव मिळू शकते. म्हणजे वाय गुणसूत्राच्या दृष्टीने ‘कर’ हा स्मिथच्याच पंगतीतला.

क्रिकेटवाल्यांना पारकर आठवतील. रामनाथ पारकर आणि गुलाम पारकर, दोघेही मुंबईचे सलामीचे फलंदाज, दोघेही भारताकडून कसोटी खेळलेले, दोघांचाही जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला. नुसत्या आडनावावरून त्यांचा एक मूळपुरुष काढायला निघालात, तर प्रयोगशाळेचा खर्च फुकट जायची शक्यताच अधिक.

आडनाव आणि गुणसूत्र यांची फारकत दत्तकानेही होते. पण आपल्याकडे दत्तक बहुधा भाऊबंदांतूनच घेत. १८७५ साली बडोद्याच्या गादीवर आणलेले सयाजीराव कवळाण्याच्या गायकवाडांतलेच. अशा दत्तकात बाप बदलतो, पुरुषवंश तोच राहतो. घराण्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

सगळ्यांत बोलके उदाहरण मात्र कोकणातल्या बेने इस्रायल समाजाचे. नौगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्यांपासून आपण वाढलो, अशी त्यांची परंपरा. रायगडाच्या गावांत ते तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावे किहीमकर, पेणकर, रोहेकर. २०१६ साली त्यांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि इथल्या लोकांचा, असे दोन्ही वारसे भरपूर निघाले. हा संकर साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा. बाहेरचा वाटा अधिक करून पुरुषांकडून आलेला, इथला स्त्रियांकडून. आडनावात यातले काहीच नाही, ना परदेशी पणजोबा ना कोकणी पणजी. १९४८ नंतर यातली बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, आणि आता किहीम-पेण-रोह्याची आडनावे तिथल्या अश्दोद आणि दिमोनासारख्या शहरांत नांदतात.