हिवाळ्यात इपॉक्सी चिकट का राहते? उबेची पेटी घरीच अशी बनवा

नौबाद (जि. बिदर) : थंडी सुरू झाली की लाकूड, फायबर आणि रेझिनचे काम करणाऱ्या छोट्या कारखान्यांत एकच तक्रार ऐकू येते. ‘माल रात्री लावला, सकाळी बघतो तर बोटाला चिकटतोय.’ बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून साधारण २,२०० फूट उंच आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये तर हात गारठतात. उदगीर, देगलूर, भालकी, औराद, जहीराबाद, कुठेही गेलात तरी हीच गत. ऑर्डर अडकते, गिऱ्हाईक फोन करत राहते आणि कारागीर हार्डनर जरा जास्त टाकून मोकळा होतो. खरे नुकसान तिथेच सुरू होते.

यावर उपाय आहे आणि तो महागडा नाही. थंड देशांत बर्फावर घसरण्याच्या स्की घरी हाताने बनवणारे आणि बांबू-फायबरचे थर चिकटवून धनुष्य बनवणारे कारागीर बऱ्याच वर्षांपासून ‘उबेची पेटी’ वापरतात. स्कीमध्ये लाकडाचा गाभा, त्याच्या वर-खाली काचतंतूचे कापड, तळाला प्लास्टिकची पट्टी आणि कडेला पोलादी पाती असते. हे सगळे धरून ठेवते ते इपॉक्सी. ते कच्चे राहिले तर उतारावर थर सुटतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण नेमप्लेट, टेबलटॉप, लाकडी जोड, फायबरचे भाग यांचे शास्त्र तेच आहे.

इपॉक्सी वाळत नाही, जुळते

अरल्डाइट आणि एम-सील ही नावे घरोघरी माहीत आहेत. दोन्हींत दोन भाग असतात, रेझिन आणि हार्डनर. अरल्डाइट १९४६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधून बाजारात आले, तेव्हापासून तत्त्व बदललेले नाही. रंग वाळतो म्हणजे त्यातला थिनर उडून जातो. इपॉक्सीत उडून जाण्यासारखे फारसे काही नसते. रेझिनचे आणि हार्डनरचे कण एकमेकांना बांधले जातात आणि त्यांची जाळी तयार होते. म्हणून पंखा लावून किंवा वाऱ्यावर ठेवून काही उपयोग नाही. त्याला ऊब लागते.

ढोबळ हिशेब असा : तापमान १० अंशांनी वाढले की जुळण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. २५ अंशांना जे काम २४ तासांत होते, ते १५ अंशांना ४८ तास घेते. ४५ अंशांना तेच सहा तासांत आटोपते. शिवाय थंड आणि दमट हवेत काही हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळतात आणि पृष्ठभागावर तेलकट मेणासारखा थर येतो. तो कोमट पाण्याने धुऊन, पुसून मगच पुढचा हात द्यावा. नाहीतर दुसरा थर पकडत नाही.

हार्डनर वाढवू नका

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि तिला कारणही आहे. टाक्या आणि दारे बनवणारे बरेच जण पॉलिस्टर रेझिनवर शिकलेले असतात. त्यात थोडे जास्त कॅटॅलिस्ट टाकले की माल लवकर बसतो. इपॉक्सीत तसे नाही. इथे हार्डनर हा निम्मा भागीदार आहे. डब्यावर १००ला ५० लिहिले असेल तर तेवढेच, आणि वजनाने की मापाने तेही वाचून. जास्त टाकलेल्या हार्डनरला जोडीदार मिळत नाही, तो तसाच आत राहतो आणि वस्तू कायमची मऊ पडते. वेग वाढवायचा तर ऊब वाढवा, प्रमाण नाही.

मे महिन्याचा प्रश्न

पेटी फक्त घाईसाठी नाही. इपॉक्सी ज्या तापमानाला पक्के होते, त्याच्यापेक्षा फार जास्त उष्णता ते पुढे सोसत नाही. खोलीच्या तापमानाला बसलेले बरेचसे इपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. आता कलबुर्गीचा मे महिना आठवा. सावलीत ४२-४३ अंश, आणि उन्हात ठेवलेला काळा पृष्ठभाग ६५-७० अंशांपर्यंत तापतो. समजा डिसेंबरात बनवलेली गडद रंगाची पाटी दुकानाच्या दर्शनी बाजूला लागली. पाच महिने ती छान दिसते आणि उन्हाळ्यात वाकते किंवा जोड सोडते. गिऱ्हाईक माल परत आणते तेव्हा दोष चिकटवण्याच्या मालाला दिला जातो. प्रत्यक्षात ती वस्तू कच्चीच विकली गेलेली असते. ५०-६० अंशांत काही तास ठेवल्याने ही सहनशक्ती वाढते. किती वाढते ते रेझिनवर अवलंबून आहे, म्हणून कंपनीचे माहितीपत्रक मागून घ्यावे.

पेटी कशी करायची

माप : सात फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच पेटीत सहा फुटी वस्तू साच्यासकट आणि क्लॅम्पसकट बसते.

भिंती : प्लायवूडचा सांगाडा, त्याला आतून दोन इंची ग्लासवूल किंवा पफ शीट आणि त्यावर पत्रा. थर्माकोल स्वस्त आहे, पण ते ८० अंशांच्या पुढे आकसते आणि सहज पेटते. वापरायचेच तर ते पत्र्याच्या आड असावे. पत्र्याला अर्थिंग करून घ्यावे.

ऊब : शंभर वॅटचे तारेचे चार बल्ब. एलईडी चालत नाही, ते फारशी उष्णता देत नाहीत. बाहेर १५ अंश आणि आत ५५ अंश असताना दोन इंची आवरणाच्या अशा पेटीतून साधारण १५० वॅट उष्णता बाहेर जाते. म्हणजे ४०० वॅट पुरेसे होऊन उरतात. बल्ब तळाशी, पत्र्याच्या आडोशाला, भिंतीपासून किमान सहा इंच दूर. उघड्या कॉइलचा हीटर वापरू नये.

वारा : संगणकातला छोटा १२ व्होल्टचा पंखा आत लावावा. नाहीतर बल्बजवळ ७० आणि टोकाला ३५ अशी गत होते.

नियंत्रण : अंडी उबवण्याच्या यंत्राला लागतो तो डिजिटल तापमान नियंत्रक. त्याची संवेदक तार बल्बजवळ नको, वस्तूला चिकटवून ठेवा. याशिवाय ७५ अंशांना आपोआप वीज तोडणारा वेगळा कटआउट आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. नियंत्रकाची रिले चिकटून बसली तर हा कटआउटच शेड वाचवतो.

खर्च : चारही बल्ब आठ तास अखंड जळले तरी ३.२ युनिट. नियंत्रक मधूनमधून वीज तोडतो, त्यामुळे प्रत्यक्षात दीड-दोन युनिट. आठ रुपये युनिट धरले तर एका फेरीला बारा ते सोळा रुपये. एक पाटी परत आली तर यापेक्षा कितीतरी जास्त जातात.

पेटी कशी चालवायची

माल लावून लगेच ६० अंशांत ढकलू नये. इपॉक्सी जुळताना स्वतःच उष्णता सोडते. पातळ थरात ती निघून जाते, पण दोन इंच जाड ओतकामात साठते. मग माल उकळतो, तडकतो, धूर येतो. जाड ओतकाम थराथराने करावे आणि पेटी अगदी शेवटी वापरावी. पातळ थराच्या कामाला आधी दोन-तीन तास २५-३० अंशांवर बसू द्या. मग दर तासाला दहा अंश चढवा. ५० ते ५५ अंशांवर सहा तास ठेवा. नंतर बल्ब बंद करा, पण झाकण उघडू नका. लाकूड, काच आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात. एकदम गार केले तर वस्तू वाकडी होते. क्लॅम्प पूर्ण गार झाल्यावरच सोडा.

लाकडाची एक खुबी आहे. लाकूड तापले की त्यातली हवा बाहेर येते आणि रेझिनमध्ये बुडबुडे उठतात. म्हणून लाकूड आधी कोमट करून घ्या आणि ते गार होत असताना पहिला हात द्या. मग ते रेझिन आत ओढून घेते.

एवढे पाळा

नायट्राइलचे हातमोजे घाला. हार्डनर कातडीला वारंवार लागला तर कायमची अॅलर्जी होऊ शकते, मग धंदाच सोडावा लागतो. थिनर किंवा अॅसिटोनने पुसलेली वस्तू पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पेटीत ठेवू नका. कालवलेल्या मालाचा उरलेला डबाही आत नको. पेटी चालू असताना शेडला कुलूप लावून जेवायला जाऊ नका. शेजारी वाळूची बादली असू द्या.

बिदरी कामाच्या शेवटी कारागीर वस्तू हलकी गरम करूनच किल्ल्याच्या मातीचा लेप देतात, तेव्हा तो काळा रंग चढतो. किती तापवायचे हे त्यांच्या हाताला ठाऊक असते. इपॉक्सीसाठी ते काम थर्मामीटर करतो. प्रत्येक फेरीत त्याच मालाचा एक छोटा तुकडा सोबत ठेवा. गार झाल्यावर त्यावर नख दाबा. खूण उमटली तर माल अजून गिऱ्हाइकाला देण्याजोगा झालेला नाही.